सहा हालचाली आणि एक अस्वस्थ महासत्ता

१/ दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका म्हणजे समृद्धीचे दुसरे नाव. दारात मोटार, घरात दूरचित्रवाणी, शाळेत न्यायला बस. या समृद्धीत वाढणाऱ्या मुलांच्या शरीराचे काय होत आहे, हा प्रश्न एका साध्या चाचणीने ऐरणीवर आणला.

२/ न्यूयॉर्कचे डॉक्टर हान्स क्राउस पाठदुखीच्या रुग्णांवर उपचार करीत. सोन्या वेबर यांच्यासह त्यांनी सहा हालचालींची चाचणी तयार केली : उताणे झोपून उठून बसणे, पाय सरळ उचलून दहा सेकंद धरणे, गुडघे न वाकवता हाताची बोटे जमिनीला टेकवणे इत्यादी. येथे कुणाशी स्पर्धा नव्हती. निरोगी जगण्यास लागणारी किमान ताकद आणि लवचिकता आहे का, एवढेच पाहायचे होते.

३/ क्राउस आणि व्यायामशिक्षिका बॉनी प्रुडन यांनी ४,२६४ अमेरिकी आणि ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंडमधील २,८७० मुलांची चाचणी घेतली. किमान एका हालचालीत नापास झालेली मुले : युरोपात ८.७ टक्के, अमेरिकेत ५७.९ टक्के.

४/ क्राउस यांचे निदान स्पष्ट होते. यंत्रांनी अमेरिकी मुलांच्या दिनक्रमातील हालचालच काढून घेतली होती. युरोपातील मुलांच्या वाट्याला ही सुखे अजून तेवढी आली नव्हती.

५/ ११ जुलै १९५५ रोजी हे आकडे व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासमोर मांडले गेले. काळ शीतयुद्धाचा होता. मुलांचे दुबळेपण हा राष्ट्राच्या सामर्थ्याचा प्रश्न ठरला. १६ जुलै १९५६ रोजी युवकांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्राध्यक्षांची परिषद स्थापन झाली.

६/ पुढे मात्र मूळ प्रश्न बदलला. १९५८ मध्ये शाळांसाठी नवी राष्ट्रीय चाचणी आली : पुल-अप्स, धावणे, लांब उडी, सॉफ्टबॉल फेक. १९६६ पासून प्रत्येक प्रकारात वरच्या १५ टक्क्यांत येणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षांचा पुरस्कार मिळू लागला. ‘किमान’ची जागा ‘सर्वोत्तम’ने घेतली. जी मुले मुळातच चपळ, त्यांचा गौरव झाला. ज्यांच्यासाठी हा खटाटोप सुरू झाला, ती सर्वांदेखत पुल-अपच्या दांड्याला लोंबकळत राहिली.

७/ क्राउस यांच्या चाचणीवरही रास्त आक्षेप होते. अमेरिकी मुलांचे अपयश बहुतांशी लवचिकतेतले होते. आणि मूल दिवसभरात किती चालते, किती खेळते, हे ती मोजतच नव्हती. पण तिने बोट ठेवले होते ते समाजाच्या राहणीवर. नंतरच्या चाचण्यांनी ते मुलाकडे वळवले.

८/ ही राष्ट्रीय चाचणी २०१२-१३ च्या सुमारास मागे घेण्यात आली आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाचा आदेश निघाला. मुलांनी रोज किमान ६० मिनिटे शारीरिक हालचाल करावी, अशी शिफारस आहे. ती पाळणारी अमेरिकी मुले आज जेमतेम चौथा हिस्सा आहेत. मुलांची परीक्षा घेणे सोपे असते. त्यांना पायी शाळेत जाता येईल असा रस्ता आणि खेळायला मोकळी जागा देणे महाग पडते. सत्तर वर्षांत ते काम बरेचसे तसेच राहिले.