सिरोंचा : जंगलातलं विसरलेलं नदीबंदर

बंदर म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. पण आपल्या मांजरा नदीचं पाणी गोदावरीला मिळून पुढे जातं, त्या वाटेवर सागवानाच्या जंगलातही एक बंदर उभं राहायचं होतं. ते गाव म्हणजे प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचं, गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं सिरोंचा.

१८६० साली निजाम आणि इंग्रजांचा तह झाला. नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाला परत मिळाला. बदल्यात गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांनी घेतले, त्यात सिरोंचा गेलं. नदीतून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची नाही, हेही ठरलं. एकाच कागदावर आपला शेजार इकडचा तिकडे झाला. तिथल्या बायाबापड्यांना कोण विचारणार?

इंग्रजांचा डोळा कापसावर होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस अडला. मग वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा वाटेनं बोटींतून समुद्राला न्यायची घाई झाली. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन या बेताचे मोठे पुरस्कर्ते. सिरोंचा नव्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं.

पण नदी कुठं ऐकते? दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी इथं पात्रात खडकच खडक. तिथं बंधारे आणि कालवे काढायला घेतले. उन्हाळ्यात पाणी आटायचं, मजूर तापानं पडायचे. तेवढ्यात १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. कापसाला सोपी वाट मिळाली. १८७१ साली नदीचं काम थांबलं, १८७४ साली तो जिल्हाच मोडला. सिरोंचा चांदा जिल्ह्यात गेलं.

आता त्याच गोदावरीवर, सिरोंचाच्या खालच्या अंगाला, तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा २०१९ पासून उभा आहे. पाण्यानं शेतं बुडतात म्हणून सिरोंच्याचे शेतकरी मोबदल्यासाठी भांडत आहेत. दीडशे वर्षांनीही नदीचा हिशेब लांबच मांडला जातो आणि भोग काठावरच्यांना.

मैत्रिणींनो, आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे. तलाव, रस्ता, जमीन, कशाचाही विषय निघाला की आम्ही बचत गटाच्या बाया आधी तिथं विचारतो : पाणी कुणाला, जमीन कुणाची? तुम्हीही विचारा, आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या.