हेक्स आणि हेलियम

युरेनियम हेक्झाफ्लोराइड हा वायू मुळात इंधनासाठी नव्हताच. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिजला युरेनियम-२३५ आणि २३८ विलग करायचे होते, आणि त्यासाठी युरेनियम वायुरूपात हवं होतं. हे संयुग सुमारे ५६ अंश सेल्सिअसलाच घनातून थेट वाफ होतं. शिवाय निसर्गात फ्लोरिनचं एकच समस्थानिक असल्यामुळे रेणूंच्या वजनातला फरक फक्त युरेनियममुळे पडतो. या धंद्यातले लोक त्याला 'हेक्स' म्हणतात.

पुढे हाच हेक्स थेट अणुभट्टीचं इंधन म्हणून वापरण्याचा विचार झाला. १९५५मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज बेल यांनी हेक्सच्या क्रांतिक वस्तुमानाची, म्हणजे विखंडनाची साखळी टिकायला लागणाऱ्या किमान वस्तुमानाची, गणितं मांडली. १९५७मध्ये मॉस्कोत इसाक किकोइन यांच्या गटाने बेरिलियमच्या मंदायकात हेक्स भरून अणुभट्टी चालवली. सोव्हिएत युनियनमध्ये विसरणाने युरेनियम समृद्ध करण्याचं काम किकोइन यांनीच उभं केलं होतं, त्यामुळे हेक्सवर त्यांचा हात बसलेला होता. भट्टीची शक्ती होती अवघी दीड किलोवॅट.

तेवढ्यावर निभावलं. वीज काढायची म्हटल्यावर मात्र हेक्सचा स्वभाव आडवा येतो. सात अणूंचा हा बोजड रेणू बरीचशी उष्णता स्वतःच्या कंपनांतच मुरवतो. १००० केल्विनचा हेक्स आदर्श टर्बाइनमध्ये निम्म्या दाबापर्यंत प्रसरण पावला, तरी जेमतेम ४० अंशांनी निवतो. हेलियम जवळजवळ २४० अंशांनी. हेलियमची उष्णतावाहकताही हेक्सच्या सुमारे वीसपट. म्हणून जोडीला हेलियम घ्यावा लागतो. हायड्रोजन याहून चांगला वाहक, पण तो हेक्सशी अभिक्रिया करून फ्लोरिन ओढून घेतो.

ही जोडी फुकट मिळत नाही. एकूण दाब तोच ठेवला, तर हेलियमच्या प्रत्येक अणूमागे युरेनियमचा एक अणू कमी होतो आणि विखंडनाची साखळी टिकवणं अवघड होतं. मिश्रणाची वाहकताही सरळ सरासरीने काढता येत नाही. जड रेणू हलक्या अणूंची वाट अडवतात, त्यामुळे ती सरासरीच्या खालीच राहते. मिश्रणाचं प्रमाण ठरवताना न्यूट्रॉनचा आणि उष्णतेचा हिशेब एकाच वेळी जुळवावा लागतो.

तापमान आणखी वाढलं की हेक्स विघटन पावतो, आणि सुटा फ्लोरिन धातू खातो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या पुढच्या आराखड्यांत म्हणून युरेनियम टेट्राफ्लोराइडची वाफ आली, सोबत पोटॅशियम फ्लोराइड. हेक्स आणि हेलियम दोघेही गेले. मिश्रणाची गरज मात्र तशीच राहिली.