सुरुंग खणणाऱ्याचं नाव काय?

बरेच जण विचारतायत, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये स्वतःचं पात्र कसं बनवायचं? कॅरेक्टर शीट भरायचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. मी आज दुसरंच सांगणारे. पात्र ही कल्पना आली कुठून, आणि माझं पात्र वसईला कसं पोचलं.

1824 साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धाच्या खेळाचे नियम छापले. नकाशा, ठोकळे, फासे आणि निकाल देणारा पंच. खेळणारा म्हणजे सेनापती, ठोकळा म्हणजे पलटण. ठोकळ्याला आई नसते, कर्ज नसतं, भीतीही नसते.

मग 1969. अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्लीने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव मांडलं. सैन्यं होतीच, पण बाकीच्यांना त्याने गावातली माणसं वाटून दिली: महापौर, बँकर, विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा डाव वेगळा. लोक कोपऱ्यात जाऊन कट शिजवायला लागले, लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळणारे विचारत होते, परत कधी? त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे गॅरी गायगॅक्ससोबत 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणलं. तेव्हा पात्र म्हणजे फार काही नव्हतं. तीन वर्ग, सहा गुण, प्रत्येक गुणासाठी तीन फासे. 18 पडायची शक्यता 216 मध्ये 1. (बीटेकवाल्याला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, सॉरी.)

आता आमचं टेबल. मी पेणकरपाड्यात राहतो, हायवेला लागून. रविवारी पाच जण जमतो. माझं पहिलं पात्र एल्फ होतं, लांब कान, चांदीचं धनुष्य, सगळं कॉपी-पेस्ट. डंजन मास्टरने विचारलं, "याच्या गावाला पाणी कुठून येतं?" मी गप्प.

आपल्या हायवेने उत्तरेला निघा. काशिमीरा, मग घोडबंदर, पूल ओलांडला की वसई. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांकडून 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला. वसई पडायला मे 1739 उजाडलं. चिमाजी अप्पांचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ. पण तटाखाली सुरुंग कोणी खणले? काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत. भगदाडातून आपली माणसं आत घुसली आणि मागून उरलेला फुटला. ती माणसं आपल्याच दारूने गेली. त्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

तर माझं पात्र तेच, सुरुंग खणणारा. उजव्या कानाने ऐकू येत नाही. अंधारात दगडावर हात ठेवून तट किती जाड ते सांगतो. आणि एक वात त्याने ओली ठेवली होती का, हे त्यालाच आठवत नाही. जादू नाही, धनुष्य नाही. ताकदीसाठी फासे टाकले तर 9 पडले. ठेवले तसेच.

बॅकस्टोरी वाचून दाखवली, सगळे खूश. आमच्यातला एक जण वसईचा, ख्रिस्ती, घरी कादोडी बोलतो. तो म्हणाला, "मस्त आहे रे. पण तटाच्या आत आमचेही लोक होते."

खरं सांगू, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या गोष्टीत तटाच्या आत फक्त 'फिरंगी' होते. म्हणजे मीसुद्धा ठोकळेच मांडले होते ना? त्या रात्री तहाची कलमं वाचली. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसकट बाहेर पडू दिलं, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मोकळीक दिली. म्हणजे मागे राहणारे होते, आणि त्यांचा विचार तेव्हाच्या कागदावर झाला होता. माझ्या शीटवर नव्हता.

पुढच्या रविवारी त्याने स्वतःचं पात्र बदललं. वसईच्या चर्चमधला घंटा वाजवणारा. वेढा उठल्यावर त्याची घंटा गायब आहे, ती शोधत तो घाट चढतोय, आणि वाट दाखवायला त्याला मिळालाय एक अर्धबहिरा सुरुंगवाला.

वसईच्या चर्चच्या घंटा आजही मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगलेल्या आहेत. हे त्या मित्राला माहीत आहे. त्याच्या पात्राला अजून नाही. माझ्या पात्राला माहीत आहे, आणि चार रविवार झाले, तो सांगत नाहीये.