सोवळे सुटते तेव्हा

चरित्र आणि चारित्र्य हे दोन शब्द आपल्या भाषेत अगदी शेजारी शेजारी राहतात. परंतु थोरांची चरित्रे लिहिणारे लेखक पुष्कळदा पहिल्यावरच संतुष्ट होतात. माणूस कोठे जन्मला, काय शिकला, कोणती पदे भूषविली आणि केव्हा वारला, एवढे सांगितले की चरित्र पुरे होते. तो माणूस मुळात कसा होता आणि शेवटी कसा झाला, या दोहोंच्या मधली वाट कशी गेली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आणि धर्मांतर केलेल्या माणसाविषयी तर विचारूच नका! त्याच्या आयुष्यातला एकच दिवस लोक लक्षात ठेवतात. एका बाजूचे म्हणतात, "त्या दिवशी तो तरला." दुसऱ्या बाजूचे म्हणतात, "त्या दिवशी तो बुडाला." त्या दिवसानंतर तो घरात कसा वागू लागला, बायकोशी कसा बोलू लागला, दारी आलेल्या माणसाला पाणी कसे देऊ लागला, याची चौकशी दोघेही करीत नाहीत.

मी नंदुरबारकडचा शिक्षक. आमचा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीचे जुने लोक या मुलखाला पश्चिम खानदेश म्हणत. नवापूर तालुक्यात गेलात तर कौलारू घरांच्या वस्तीत मध्येच एखादे साधे प्रार्थनामंदिर दिसेल, आणि रविवारी सकाळी आतून मराठी भजनांचे सूर ऐकू येतील. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन वंशाचे मिशनरी या भागात आले, त्यांनी शाळा काढल्या, चिंचपाड्याला दवाखाना उभा राहिला, आणि कित्येक भिल्ल व मावची कुटुंबांनी ख्रिस्ताचा मार्ग धरला. वर्गात मी हजेरी घेतो तेव्हा नवसू, रमेश, दानिएल आणि मार्था ही नावे एका दमात येतात. मुलांना त्यात काही नवल वाटत नाही. नवल वाटते ते बाहेरून आलेल्या पाहुण्याला. तो मला हळूच विचारतो, "गुरुजी, या लोकांत खरोखरच काही फरक पडला का हो?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे मला कधीच जमले नाही. परंतु त्याचे जे उत्तर मला सर्वांत खरे वाटते, ते आमच्या जिल्ह्यातले नाही. ते नाशिक आणि नगरच्या बाजूचे आहे, आणि एका बाईने ते अगदी घरगुती मराठीत सांगून ठेवले आहे. त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक आणि ते पुस्तक म्हणजे 'स्मृतिचित्रे'. आधी त्यांच्या घरी जाऊ, मग परत डोंगराकडे येऊ.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली. त्याचा धक्का जावयाला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, असा काही बसला की त्यांचे सारे मन सोवळ्याओवळ्यात जाऊन अडकले. घरात येणारा जवळजवळ प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यायचा, कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, सावलीसुद्धा टाळायची! घरातल्या बायकामुलांचा जीव त्या धुण्यापुसण्यात मेटाकुटीस येई.

ही हकीगत वाचताना मी नेहमी एका विचारापाशी थबकतो. त्या घरचे सोवळे शास्त्राच्या अभ्यासातून आलेले नव्हते, ते भीतीतून आले होते. बाहेरच्या जगाने एकदा घरातला माणूस ओढून नेला. आता बाहेरचे काही आत येऊ द्यायचे नाही! पाण्याने धुऊन धुऊन मनातली भीती धुतली जाईल, असे त्या बिचाऱ्याला वाटले असावे. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या अंगात सोवळे किती खोल गेले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. बुद्धी तल्लख, कवित्व हाताशी, मन दयाळू आणि राग नाकावर! आज या गावी तर उद्या त्या गावी. हाती पैसा आला की कोणा गरजूला देऊन मोकळे व्हायचे, आणि मग घरात चूल कशी पेटायची याची विवंचना बायकोने करायची. एकदा ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असता डब्यात एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. कवितेवर आणि धर्मावर गोष्टी झाल्या. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि, आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, अशा अर्थाचे भाकीत केले. टिळक पुस्तक वाचू लागले, आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाशी आले तेव्हा त्यांना ते खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही बातमी पंढरपुरास आप्तांच्या घरी असलेल्या लक्ष्मीबाईंवर वीज कोसळावी तशी कोसळली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पदरात लहानगा दत्तू. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले हे खरे, पण सांभाळण्यातही एक कीव असते आणि ती रोज गिळावी लागते. या वियोगाच्या काळातच त्यांच्या तोंडून कविता आली. जिला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही, त्या बाईच्या दुःखाने शब्द शोधले ते असे.

पुढे त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या खऱ्या, परंतु आपले सोवळे बरोबर घेऊन. नवरा ख्रिस्ती, शेजार ख्रिस्ती, आणि बाईंचे पाणी वेगळे, चूल वेगळी, ताट वेगळे. आता येथे टिळकांच्या चारित्र्याची परीक्षा होती. जो माणूस क्षुल्लक कारणावरून संतापायचा, तो या बाबतीत काय करतो पाहा. तो बायकोवर जबरदस्ती करीत नाही. तिचे सोवळे तिला पाळता यावे अशी व्यवस्था करतो आणि वाट पाहतो. त्या काळी नवऱ्याने नुसते डोळे वटारले असते तरी कायदा, रूढी आणि शेजारीपाजारी त्याच्याच बाजूने उभे राहिले असते. टिळकांना नव्या श्रद्धेने काही शिकवले असेल, तर ते पहिल्यांदा हेच, की आपल्याला जे सत्य वाटते ते दुसऱ्याच्या घशात कोंबायचे नसते. बाकीचा राग त्यांच्यात शेवटपर्यंत थोडाफार राहिला, हेही लक्ष्मीबाई लपवीत नाहीत.

मग राहुरीला एके दिवशी ती गोष्ट घडली. कोणी प्रवचन दिले नाही, कोणी वादात हरवले नाही. बाई एकट्याच विचार करीत बसल्या होत्या. जाती देवाने केल्या की माणसाने? जन्म सगळ्यांचा सारखा, मरण सारखे, हाडामांसाची घडण सारखी. मग हा भेद आला कोठून? विचार करता करता एका क्षणी त्यांच्या मनाची गाठ सुटली. आजपासून कोणाच्याही हातचे खाईन, कोणाच्याही हातचे पाणी पिईन, असे त्यांनी ठरवून टाकले. अजून त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली झाला.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण समजतो की माणूस आधी धर्म बदलतो आणि मग त्याचे वागणे बदलते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी घागरीचे पाणी बदलले, मग श्रद्धेचा उच्चार झाला. अर्थात घरात तोपर्यंत जे वारे खेळत होते ते ख्रिस्ताच्या शिकवणुकीचेच होते, हे नाकारता येणार नाही. बी जमिनीत केव्हा पडले हे शेतकऱ्याला ठाऊक असते. ते नेमके कोणत्या घटकेस फुटले हे त्यालाही सांगता येत नाही.

आणि ते फुटल्यावर वाढले कसे? नगरास प्लेगची साथ आली, लोक घरदार सोडून पळू लागले, तेव्हा हे जोडपे रोग्यांच्या छावणीत सेवेस गेले. सावलीचा विटाळ मानणाऱ्या घरातली मुलगी आता ज्यांना जवळचे नातेवाईकही शिवायला भीत होते, अशांची सेवा करीत होती. टिळकांनी आणलेली पोरकी मुले त्यांच्या घरात वाढली, आणि त्यांची जात कोणी विचारली नाही. वडिलांच्या घरी भीतीने दार बंद केले होते. लेकीच्या घरी ते उघडे राहिले. चारित्र्याची वाढ म्हणतात ती हीच, असे मला वाटते.

टिळकही एका जागी थांबले नाहीत. ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते सांगत, आणि म्हणून त्यांनी ख्रिस्ती मंडळीला अभंग, भजन आणि कीर्तन दिले. 1912 पासून 'ज्ञानोदया'चे मराठी संपादन त्यांच्याकडे होते. 1917 साली मात्र त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास बिऱ्हाड हलविले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व चाहते तेथे बंधुभावाने बसावेत, अशी त्यांची इच्छा होती. वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर बांधलेला पगार सोडणे म्हणजे काय, हे आम्हा शिक्षकांस कोणी समजावून सांगायला नको! दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, मुंबईस त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुढे नेण्याचे काम त्याच अशिक्षित बाईने अंगावर घेतले.

आता परत आमच्या डोंगराकडे येतो. येथे प्रश्न सोवळ्याचा नाही. येथे जन्माला, लग्नाला, मर्तिकाला आणि देवाला मोहाची दारू लागते. शहरी माणसाला ते नुसते व्यसन दिसते. परंतु येथे तो नातेसंबंधांचा धागाही असतो. सर्वजण पंगतीत बसलेले असता एखाद्याने पेला परत करणे, म्हणजे भावकीचा हात परत करणे. म्हणून जो भिल्ल किंवा मावची गृहस्थ प्रार्थनामंदिरात जाऊ लागल्यावर दारू सोडतो, तो दारूपेक्षा पुष्कळ अधिक काही पणाला लावतो. माझ्या एका विद्यार्थ्याने 'माझे आजोबा' या निबंधात लिहिले होते की, आजोबांनी दारू सोडली तेव्हा भाऊबंद दोन वर्षे त्यांच्या अंगणात आले नाहीत. आजोबा मात्र प्रत्येक लग्नाला जात, पाणी पीत आणि रात्रभर नाचत. मी त्या निबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले. पेला नाकारून अंगण न सोडणे, ही मधली वाट सापडायला माणूस आतून वाढावा लागतो. ज्याला ती सापडत नाही तो एक तर परत प्यायला लागतो, नाही तर आपल्याच भावांना तुच्छ लेखू लागतो. ख्रिस्ती झालेल्या घरांत हे दुसरे सोवळेही कधी कधी दिसते, हे सांगितले पाहिजे. नव्या पाण्याने जुनाच विटाळ मानायचा, एवढाच काय तो फरक!

शिवाय असे वाढणे ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. याच जिल्ह्यात तळोदे तालुक्यातल्या मोरवडला 1938 च्या सुमारास गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणून मानाने हाक मारा, एवढेच त्यांचे सांगणे. त्याच साली ते वारले, पण त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे चालविले. ज्याला आजवर सावकार आणि शिपाई 'अरे'वर हाक मारीत आले, त्याने आपल्या शेजाऱ्याला 'आप' म्हणावे, यात केवढे मोठे शिक्षण आहे! नवापूरचे भजन आणि मोरवडची आरती यांचे देव निराळे असतील; माणसाकडून दोघांनी जे मागितले ते मात्र बरेचसे एकच होते.

तेव्हा पाहुण्याने विचारलेल्या प्रश्नाला मी आता असे सांगतो: फरक पडला की नाही ते प्रार्थनामंदिराच्या नोंदवहीत पाहू नका. पडवीत ठेवलेल्या पाण्याच्या घागरीपाशी बसा. कोण येतो, कोणाला पाणी मिळते, देताना देणाऱ्याचा चेहरा कसा असतो, ते बघा. वेळ लागेल. टिळकांच्या घरी पाच वर्षे लागली होती, आणि ते घर कवीचे होते.

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली पुस्तकरूपाने निघाला. 1936 साली लक्ष्मीबाई गेल्या. त्यात त्यांनी आपले सोवळे, आपला भाबडेपणा, नवऱ्याचा संताप, दोघांची भांडणे, सारे हसत हसत सांगितले आहे. कोठेही आपण सुधारलो म्हणून टेंभा नाही, आणि माहेरच्या सोवळ्या वडिलांवर तिरस्काराचा शब्द नाही. या दिवाळीच्या सुट्टीत फराळाची ताटे बाजूला झाली, की घरातल्या कोणी तरी त्यातली दहावीस पाने मोठ्याने वाचावीत. लहान मुले हसतील, आजीबाई डोळे पुसतील, आणि मधल्या वयाच्या मंडळींना आपापल्या घरातली घागर आठवेल.