विमानाचे उद्याचे इंधन

गेल्या अर्धशतकात विमानांची इंजिने, त्यांचे सांगाडे आणि दिशादर्शक यंत्रणा आमूलाग्र बदलल्या. टाकीतील इंधन मात्र बदललेले नाही. जेट विमाने आजही केरोसिनच्या जातीच्या ‘एव्हिएशन टर्बाइन फ्युएल’वरच उडतात. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात विमान वाहतुकीचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. तो लहान वाटला तरी हवाई प्रवास सतत वाढत असल्याने दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणूनच २०२१ मध्ये विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेने आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. त्यासाठी आज तीन मार्ग चर्चेत आहेत.

बॅटरीचे ओझे

पहिला मार्ग विजेचा. एक किलो विमान इंधनात सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. तेवढ्याच वजनाच्या चांगल्या लिथियम-आयन बॅटरीत ती जेमतेम पाव किलोवॉट-तास भरते. विजेची मोटर जेट इंजिनापेक्षा अधिक कार्यक्षम असते हे जमेस धरले तरी ही दरी बुजत नाही. शिवाय इंधन जळत जाते तसे विमान हलके होत जाते. रिकामी झालेली बॅटरी मात्र तितक्याच वजनानिशी उतरवावी लागते. युरोपात २०२० मध्ये प्रमाणपत्र मिळालेले ‘वेलिस इलेक्ट्रो’ हे विद्युत विमान दोन आसनी असून प्रामुख्याने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी आहे. मुंबई-लंडनसारख्या पल्ल्यासाठी बॅटरीचा विचार सध्या करता येत नाही.

हायड्रोजनची जागा

दुसरा मार्ग हायड्रोजनचा. वजनाच्या हिशेबात त्यात केरोसिनच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते. परंतु तो द्रवरूपात ठेवण्यासाठी उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी सुमारे चौपट जागा व्यापली जाते. परिणामी पंखांमध्ये इंधन साठवण्याची आजची रचनाच मोडीत निघते आणि विमानतळांवरही नवी यंत्रणा उभारावी लागते. एअरबसने २०२० मध्ये २०३५ पर्यंत हायड्रोजनवरील प्रवासी विमान आणण्याची घोषणा केली होती. २०२५ मध्ये हे वेळापत्रक लांबणीवर टाकण्यात आले.

जुनी टाकी, नवे इंधन

उरतो तो तिसरा मार्ग : शाश्वत विमान इंधन. वापरलेले खाद्यतेल, प्राणिज चरबी, शेतीतील अवशेष किंवा इथेनॉल यांपासून केरोसिनसदृश द्रव तयार केला जातो. तो नेहमीच्या इंधनात मिसळून त्याच विमानांत, त्याच इंजिनांत वापरता येतो. कच्चा माल आणि प्रक्रिया योग्य असेल, तर निर्मितीपासून ज्वलनापर्यंतचे उत्सर्जन ८० टक्क्यांपर्यंत घटू शकते. मिश्रणाची कमाल मर्यादा सध्या ५० टक्के आहे. कारण इंधन यंत्रणेतील रबरी सील घट्ट राहण्यासाठी लागणारी काही संयुगे अशा बऱ्याच इंधनांत नसतात. ही उणीव भरून काढता येते, हे व्हर्जिन अटलांटिकच्या विमानाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडन ते न्यूयॉर्क हा प्रवास केवळ अशा इंधनावर करून दाखवून दिले.

अडचण आहे ती किमतीची आणि उपलब्धतेची. ‘आयाटा’च्या अंदाजानुसार २०२४ मध्ये असे इंधन दहा लाख टन तयार झाले, जगाच्या विमान इंधनाच्या तुलनेत हे प्रमाण अवघे ०.३ टक्के. ते नेहमीच्या इंधनापेक्षा कित्येक पटींनी महागही पडते. म्हणूनच युरोपीय महासंघाने सक्तीचा मार्ग पत्करला : २०२५ पासून २ टक्के, २०३० मध्ये ६ टक्के आणि २०५० मध्ये ७० टक्के.

उसाचा प्रश्न

भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०१८ मध्ये डेहराडून-दिल्ली उड्डाणात जट्रोफापासून बनविलेल्या इंधनाचा प्रयोग झाला. १९ मे २०२३ रोजी पुणे-दिल्ली या प्रवासी उड्डाणात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या सहकार्याने तयार केलेले देशी इंधन मिसळण्यात आले.

इथेनॉलपासून विमान इंधन बनविण्याचे तंत्र महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. साखर कारखान्यांना त्यातून नवी बाजारपेठ मिळू शकते. पण ऊस हे पाण्याचे पीक आहे आणि इथेनॉलवर पेट्रोल मिश्रणाचाही हक्क आहे. पाऊस कमी झाल्याने साखरेची चणचण भासेल म्हणून केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर निर्बंध घातले. ते पुढच्या वर्षी उठविण्यात आले. विमानाच्या टाकीचा पुरवठा पावसावर अवलंबून ठेवणे किती जोखमीचे आहे, याची ही झलक होती.

त्यामुळे मळी, वापरलेले तेल आणि पिकांचे अवशेष यांसारखा टाकाऊ माल गोळा करण्याची व्यवस्था निर्णायक ठरेल. उद्याचे विमान दिसायला बहुधा आजच्यासारखेच असेल; त्याचे भवितव्य मात्र कारखान्यातील इंजिनापेक्षा शेतातून आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या कच्च्या मालावर अधिक अवलंबून राहील.