उष्णता, गुरुत्वाकर्षण आणि प्रसरणशील विश्व : प्रस्तावना

चुलीवरून उतरवलेले भांडे उष्णता गमावते आणि निवत जाते. घडत असलेल्या ताऱ्याचे मात्र उलट असते. स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेला हा वायूचा गोळा ऊर्जा गमावतो, आकसतो आणि आणखी तापतो. उष्मागतिकीच्या अभ्यासकाला गुरुत्वाकर्षण पहिल्यांदा चकवते ते इथे, म्हणून नव्या वाचकानेही सुरुवात इथूनच करावी.

कृष्णविवरात हा चकवा टोकाला जातो. जेकब बेकेनस्टाइन यांनी १९७२-७३च्या सुमारास सुचवले की कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते आणि ती त्याच्या आकारमानावर नव्हे, तर क्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरते. स्टीफन हॉकिंग यांना हे आधी पटले नव्हते. पुढे १९७४ मध्ये त्यांच्याच गणितातून निघाले की कृष्णविवर तापलेल्या वस्तूसारखे प्रारण सोडते. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान मात्र एका केल्विनच्या कोटीव्या भागाहूनही कमी भरते. प्रारण सोडून वस्तुमान घटले, की तेही ताऱ्यासारखेच अधिक तापते.

क्षितिज केवळ कृष्णविवरालाच असते असे नाही. वाढत्या वेगाने प्रसरण पावणाऱ्या विश्वात निरीक्षकाभोवती क्षितिज तयार होते, आणि त्यालाही तापमान असते, हे गिबन्स व हॉकिंग यांनी १९७७ मध्ये दाखवले. आपल्या विश्वाचे प्रसरण खरोखरच वेग घेत असल्याचा पुरावा १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून आला, आणि या गणिताचे महत्त्व वाढले.

टेड जेकबसन यांनी १९९५ मध्ये प्रश्नच उलटा केला. क्षितिजाची एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते एवढे धरून, उष्णता आणि तापमानाच्या परिचित नियमातून त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणे मिळवली. त्यासाठी त्यांना अमलकुमार रायचौधुरी यांचे १९५५चे समीकरण उपयोगी पडले. पुण्याच्या ‘आयुका’त थानू पद्मनाभन यांनी हा धागा वर्षानुवर्षे पुढे नेला. २०१२ मध्ये त्यांनी मांडले की क्षितिजाच्या पृष्ठभागावरील आणि आतल्या अवकाशातील स्वातंत्र्यमात्रांत तफावत असते, आणि ती भरून निघण्याच्या ओघात विश्व प्रसरण पावते.

या क्षेत्रात शिरायला पदवीपातळीची उष्मागतिकी आणि सापेक्षतेची तोंडओळख पुरेशी आहे. एक पथ्य मात्र पाळावे : सिद्ध झालेले आणि सुचवलेले यांची गल्लत करू नये. हॉकिंग यांचे गणित भक्कम मानले जाते, पण खगोलीय कृष्णविवराचे ते प्रारण अजून कुणी मोजलेले नाही. गुरुत्वाकर्षण मुळातच उष्मागतिक आहे का, हा प्रश्न तर पूर्ण खुला आहे. नव्या अभ्यासकाला काम करायला जागा आहे ती तिथेच.