पाण्याच्या धारेतला प्रकाश

'प्रकाश सरळ रेषेत जातो.' विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे वाक्य कधी ना कधी फळ्यावर लिहिलेले असते. वाक्य खरे आहे. पण ते किती खरे आहे आणि कोणत्या अटीवर खरे आहे, याची चर्चा वर्गात क्वचितच होते. परभणी जिल्ह्यातील पाथरी तालुक्यात एका शाळेत आम्ही नुकताच एक छोटासा प्रयोग करून दाखवला. त्या वेळी विद्यार्थ्यांनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. एकाचे उत्तर आम्हाला देता आले. दुसऱ्याचे उत्तर आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने दिले आणि ते चुकले. हा लेख त्या दोन्ही उत्तरांविषयी आहे.

पार्थपूरचा शंकू

प्रयोगासाठी पाथरीच का, असे कोणी विचारील. पाथरीचे जुने नाव पार्थपूर. गोदावरीच्या उत्तरेस वसलेल्या या गावी इ. स. १५०३ च्या सुमारास ज्ञानराज या ज्योतिर्विदाने 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी १५४१ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिली. त्याआधी १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्याच बीजगणितावरील त्यांची टीका पूर्ण झाली होती. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी या गावात गणित आणि ज्योतिष यांचा गंभीर अभ्यास चालू होता.

ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांमध्ये दिशा, स्थळ आणि काळ ठरवण्याचे मुख्य साधन म्हणजे शंकू: सपाट जमिनीवर उभी केलेली बारा अंगुळे उंचीची काठी. तिची सावली मोजायची आणि त्रिकोणाच्या गणिताने सूर्याची उंची काढायची. हे सारे गणित एकाच गृहीतावर उभे आहे. सूर्याचा किरण काठीच्या टोकाला स्पर्श करून जमिनीपर्यंत सरळ रेषेत येतो, हे ते गृहीत. किरण वाटेत वाकत असता तर सावलीच्या त्रिकोणाला काही अर्थच उरला नसता. ज्या गावात शंकूच्या सावलीचे गणित झाले, त्याच गावच्या परिसरात मुलांना 'वाकणारा' प्रकाश दाखवावा, असे आम्हाला वाटले.

बाटली, पाणी आणि बादली

प्रयोगाला लागणारे साहित्य घरातच मिळते. एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तळापासून साधारण पाच सेंटिमीटर उंचीवर, तापवलेल्या खिळ्याने सुमारे पाच मिलिमीटर व्यासाचे भोक पाडावे. भोकाची कड गुळगुळीत असणे फार महत्त्वाचे आहे. आमचे पहिले भोक ओबडधोबड झाले. धार फाटून आली, प्रकाश इकडेतिकडे विखुरला आणि मुले हसली. दुसरी बाटली घेऊन, खिळा नीट तापवून पुन्हा भोक पाडले तेव्हा काचेसारखी स्वच्छ धार मिळाली.

भोकावर बोट किंवा चिकटपट्टी ठेवून बाटली पाण्याने भरावी. पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकले तर किरणाचा मार्ग दिसतो. खोलीत अंधार करावा. बाटलीच्या दुसऱ्या बाजूने, भोकाच्या बरोबर समोरून, लेझर पॉइंटरचा किरण पाण्यातून भोकाकडे सोडावा आणि बोट काढावे. पाण्याची धार कमानीसारखी वळत बादलीत पडते आणि तिच्याबरोबर प्रकाशही वळत खाली उतरतो. धारेखाली तळहात धरला की हातावर लाल ठिपका नाचतो. बाटलीचे झाकण घट्ट लावले की आत हवा जाणे बंद होते आणि धार थांबते. तेव्हा तोच किरण भोकातून सरळ निघून समोरच्या भिंतीवर पडतो. झाकण उघडून-लावून हा फरक पुन्हा पुन्हा दाखवता येतो.

लेझर पॉइंटर कमी शक्तीचा, म्हणजे एक मिलिवॅटपेक्षा कमी असावा आणि किरण कोणाच्याही डोळ्यांवर जाणार नाही याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. लेझर नसेल तर विजेरी चालते. मात्र बाटलीला काळा कागद गुंडाळून विजेरीपुरतीच खिडकी ठेवावी. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाण्याची किंमत सांगायला नको. बादलीत पडलेले पाणीच पुन्हा बाटलीत भरावे; एका लिटरात सारा वर्ग प्रयोग करू शकतो.

पहिला प्रश्न

नववीतील एका मुलीने विचारले, "सर, उजेड खरंच वाकला का वाकल्यावानी दिसायलाय?"

याहून चांगला प्रश्न आम्हाला सुचला नसता. उत्तर असे आहे. धारेच्या आत प्रकाश प्रत्येक टप्प्यात सरळच जातो. पाण्याच्या कडेवर आपटतो, परत आत फिरतो, पुन्हा सरळ जाऊन पुढच्या कडेवर आपटतो. असे अनेक लहान सरळ तुकडे जोडून वक्र मार्ग तयार होतो. पाण्यातून हवेत, म्हणजे घन माध्यमातून विरल माध्यमात जाताना किरण स्तंभिकेपासून दूर झुकतो. आपतन कोन वाढवत नेला की एका विशिष्ट कोनाला बाहेर पडणारा किरण पृष्ठभागाला चाटून जाऊ लागतो. हा क्रांतिक कोन. त्याहून मोठ्या कोनाने आलेला किरण बाहेर पडूच शकत नाही. तो पूर्णपणे आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन.

क्रांतिक कोनाचे गणित सोपे आहे: त्या कोनाची ज्या (साइन) म्हणजे एक भागिले अपवर्तनांक. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश. साध्या काचेसाठी तो सुमारे ४२ अंश आणि हिऱ्यासाठी सुमारे २४ अंश. हिरा झगमगतो त्याचे एक मोठे कारण हा लहान कोन.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एक पाऊल पुढे नेता येईल. भोकाच्या वर पाण्याची उंची 'उ' असेल तर भोकापाशी आडव्या निघणाऱ्या धारेची वक्रता-त्रिज्या '२उ' येते. धारेचा वेग २ × ग × उ या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो (ग म्हणजे गुरुत्व त्वरण), आणि वेगाचा वर्ग भागिले ग म्हणजे ही त्रिज्या. पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर त्रिज्या २० सेंटिमीटर. पाच मिलिमीटर जाडीच्या धारेत मध्यरेषेने निघालेला किरण बाहेरच्या कडेवर सुमारे ८१ अंशांच्या कोनाने आपटतो. ४९ अंशांपेक्षा हा कोन कितीतरी मोठा आहे, म्हणून किरण आतच राहतो. धार दिसते ती दुधाच्या कणांमुळे आणि पृष्ठभागावरील बारीक तरंगांमुळे निसटलेल्या थोड्या प्रकाशाने. पुढे धार तुटून थेंब होतात तेथे ही वाट संपते.

दुसरा प्रश्न

"हा प्रयोग पहिल्यांदा कोणी केला?" हा दुसरा प्रश्न. आम्ही लगेच सांगितले: ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन टिंडाल. आम्ही विद्यार्थी असताना हेच वाचले होते आणि पुढे कित्येक व्याख्यानांत हेच सांगितले होते. परत आल्यावर तारखा पडताळून पाहिल्या आणि चूक लक्षात आली.

पूर्ण आंतरिक परावर्तनाचे वर्णन योहानेस केप्लर यांनी १६११ सालीच केले होते. अपवर्तनाचा अचूक नियम मात्र त्यांना सापडला नव्हता. तो नेदरलँड्समधील स्नेल यांना १६२१ मध्ये सापडला आणि देकार्त यांनी १६३७ मध्ये छापला. त्यांच्या कितीतरी आधी, दहाव्या शतकाच्या अखेरीस, बगदादमधील इब्न साहल यांनी तोच नियम भूमितीच्या भाषेत मांडला होता.

पाण्याच्या धारेचा प्रयोग केला जिनिव्हाच्या झाँ-दानिएल कोलॅडन यांनी, १८४१ मध्ये. पाण्यातील ध्वनीचा वेग जिनिव्हाच्या सरोवरात मोजणारे ते हेच कोलॅडन. त्यांना प्रकाशाविषयी काही सिद्ध करायचे नव्हते. ते द्रवांच्या प्रवाहावर व्याख्यान देत होते आणि सभागृहात मागे बसलेल्यांना पाण्याची धार दिसत नव्हती. तेव्हा त्यांनी सूर्यप्रकाश नळीतून आत आणला, भिंगाने एकवटला आणि टाकीतल्या पाण्यातून भोकाकडे सोडला. सगळी धार उजळून निघाली. १८४२ मध्ये त्यांनी हा प्रयोग पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केला. त्याच सुमारास फ्रान्सचे झाक बाबिने यांनीही हा परिणाम नोंदवला. वाकवलेल्या काचेच्या दांडीतून प्रकाश नेऊन तोंडाच्या आत उजेड पाडता येईल, असेही त्यांनी सुचवले. टिंडाल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हा प्रयोग दाखवला तो १८५४ मध्ये, म्हणजे तब्बल तेरा वर्षांनंतर, आणि तोही मायकेल फॅरडे यांच्या सूचनेवरून. टिंडाल लोकप्रिय वक्ते आणि लेखक होते. त्यांची पुस्तके दूरवर पोचली, आणि त्यांच्याबरोबर हा प्रयोगही त्यांच्या नावावर पोचला.

आम्ही त्या शाळेला पत्र लिहून चूक कळवली. मागे बसलेल्या श्रोत्यांना दिसावे म्हणून एका शिक्षकाने केलेल्या खटपटीतून हा प्रयोग निघाला, हे आम्ही त्यात मुद्दाम लिहिले. आपल्या पेशातल्या माणसाचे श्रेय आपणच विसरावे, हे बरे नव्हे.

बोटांचे ठसे आणि काचेचे तंतू

पाण्याच्या धारेपासून काचेच्या तंतूपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता. म्युनिकमधील हाइनरिश लाम या वैद्यकीय विद्यार्थ्याने १९३० मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून दिव्याच्या तारेची प्रतिमा नेली. अडचण अशी की तंतू एकमेकांना चिकटले, किंवा त्यांना तेलकट हात लागला की तेथून प्रकाश निसटतो.

ही अडचण घरी पाहता येते. काचेच्या पेल्यात पाणी भरा, पेला हातात धरा आणि वरून, पाण्यातून, पेल्याच्या बाजूच्या भिंतीकडे पाहा. भिंत चांदीसारखी चमकते, पलीकडची बोटे दिसत नाहीत. आता बोटे किंचित ओली करून पेला घट्ट दाबा. बोटांवरच्या रेषांचे ठसे स्पष्ट दिसू लागतात. जेथे त्वचा काचेला भिडली तेथे मधली हवा गेली, आणि पूर्ण परावर्तनही गेले. उपाय म्हणून नेदरलँड्सचे व्हॅन हील यांनी तंतूवर कमी अपवर्तनांकाच्या पदार्थाचे आवरण दिले. मग बाहेरून काहीही लागले तरी परावर्तन आतल्या सीमेवर होत राहते.

व्हॅन हील यांचा लेख 'नेचर'च्या २ जानेवारी १९५४ च्या अंकात आला. त्याच अंकात हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांचाही लेख होता. हजारो तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्यात त्यांना यश आले होते. कपानींचा जन्म १९२६ मध्ये पंजाबातील मोगा येथे झाला. डेहराडूनला शिकत असताना 'प्रकाश फक्त सरळ रेषेतच जातो' असे शिक्षकांनी सांगितले आणि ते खोडून काढायचे आपण मनाशी धरले, असे ते सांगत. १९५७ पर्यंत अमेरिकेत हर्शोविट्झ यांनी आवरण असलेल्या तंतूंच्या दुर्बिणीने रोग्याचे जठर आतून पाहिले होते.

दूरवर संदेश न्यायला मात्र काच फारच मलिन होती. त्या काळच्या चांगल्या तंतूतही सुमारे २० मीटरांत प्रकाश शंभरातला एक भाग उरे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले की दोष काचेच्या स्वभावात नसून तिच्यातील अशुद्धींत आहे. एक किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी दूरध्वनीचे काम भागेल, असा त्यांचा हिशोब होता. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७० मध्ये ही मर्यादा ओलांडली. आजच्या चांगल्या तंतूत एक टक्का प्रकाश उरतो तो सुमारे १०० किलोमीटरनंतर. म्हणजे पाथरीहून निघालेला प्रकाश परभणी आणि पूर्णा ओलांडून पुढे गेला तरी ओळखण्याइतका शिल्लक असतो. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कपानींना ते मिळाले नाही. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

दूरध्वनी केंद्रे जोडणारी भारतातील पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये सुरू झाली, ती पुण्यात. मराठवाड्यातही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे १९९० च्या दशकापासून असे तंतू तयार होत आले आहेत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' नाव मिळालेल्या योजनेने हा तंतू ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले. रस्त्याकडेला खणलेल्या चरात जी नळी पुरतात, तिच्या आत बाटलीतल्या प्रयोगाचाच नियम काम करतो, हे मुलांना जरूर सांगावे.

शिक्षकांना आमची सूचना अशी. एकाच दिवशी दोन्ही प्रयोग करा. दुपारी अंगणात काठी उभी करून तिची सावली मोजा आणि सूर्याची उंची काढा. मग अंधाऱ्या खोलीत बाटलीची धार दाखवा. 'प्रकाश सरळ रेषेत जातो' हे वाक्य फळ्यावरून पुसू नका. त्यापुढे 'एकाच प्रकारच्या माध्यमात' एवढे शब्द जोडा. मुलांकडूनच ते जोडून घेता आले तर फारच उत्तम. आणि प्रयोग कोणी केला असे कोणी विचारले, तर कोलॅडन यांचे नाव सांगा.